आज किती आणे?



या सदरात मी बहुतेक वेळा शाळकरी मुलांविषयी लिहिते. उर्दू माध्यमाची मुलं मराठीच्या पेपरात कुठे अडखळतात, घरात वाचनाची सवय कशी लागेल, असे आपले नेहमीचे विषय. या महिन्यात मात्र घरातलीच गोष्ट सांगते. गेल्या ऑगस्टमध्ये माझी अम्मी पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि पुढचे सहा महिने तिला पुन्हा चालतं करण्यात गेले. त्यातले पहिले तीन आठवडे माझ्या हट्टामुळे वाया गेले. ती चूक तुमच्या घरी होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात एक अम्मी, दादी किंवा नानी असते, आणि ओली मोरीही असते.

अम्मीचं वय ७२. सोलापुरातल्या आमच्या जुन्या घरात ती भाईजान आणि भाभींसोबत राहते. मी शेजारच्या गल्लीत. पावसाचे दिवस होते. फजरच्या वुजूसाठी ती मोरीत गेली, फरशीवरून पाय सटकला आणि डाव्या कुशीवर पडली. उचलून पलंगावर ठेवलं, तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा थोडा आखूड दिसत होता आणि पंजा बाहेरच्या बाजूला कलंडला होता. पाय तिला उचलता येत नव्हता. वयस्कर माणूस पडल्यावर अशी लक्षणं दिसली की खुबा मोडला असं धरूनच चालायचं, हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी नव्हतं. शेजारच्या खाला म्हणाल्या, "नस चढली असेल, तेल चोळा." भाईजान हाडवैद्याला बोलावतो म्हणाले. आम्ही गरम पाण्याच्या पिशवीवर संध्याकाळ केली. रात्री अम्मी कण्हायला लागली, तेव्हा कुठे दवाखाना आठवला.

इथे एक गोष्ट लिहून ठेवा. पडल्यानंतर जांघेत किंवा खुब्यात दुखत असेल, तर माणूस दोन पावलं चालत असला तरी एक्स-रे काढायचा. काही वेळा हाड मोडूनही एकमेकांत रुतून बसतं आणि माणूस लंगडत का होईना चालतो. चोळायचं नाही, ओढायचं नाही, उभं करून बघायचं नाही.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक चेंडू असतो, त्याखाली मान, आणि मान जिथे सरळ हाडाला मिळते तो जाड भाग. मानेत मोडलं तर चेंडूचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते, म्हणून वयस्कर माणसात बहुधा तो चेंडूच बदलतात. मानेच्या खाली मोडलं तर हाडाच्या पोकळीत धातूचा रॉड घालून स्क्रूने पक्कं करतात. अम्मीचं दुसऱ्या प्रकारचं होतं. तुमच्या घरी अशी वेळ आली तर कोणतं ऑपरेशन झालं ते विचारून लिहून घ्या, कारण घरी आल्यावरचे नियम त्यावर ठरतात.

भाईजान घाबरले होते. "या वयात ऑपरेशन झेपेल का?" असं त्यांनी दोनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नाही केलं तर त्या महिनोन्‌महिने अंथरुणात पडून राहतील आणि धोका त्यात जास्त आहे. असं ऑपरेशन शक्यतो २४ ते ४८ तासांच्या आत व्हावं असं मानतात. आम्ही एक पूर्ण दिवस तेलात आणि गरम पाण्यात घालवला होता. अल्लाहची मेहेरबानी, ऑपरेशन नीट पार पडलं.

तीन आठवडे

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीची एक तरुण मुलगी वॉकर घेऊन आली. तिने अम्मीला पलंगाच्या कडेला बसवलं आणि उभं केलं. अम्मी ओरडली. मी मध्ये पडले. म्हणाले, "अहो, काल तर ऑपरेशन झालंय, राहू द्या ना आज." ती मुलगी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, आजच उठायचं असतं." तिने चार पावलं टाकायला लावली. अम्मीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी मनात त्या पोरीला दगडाच्या काळजाची ठरवून टाकलं.

घरी आल्यावर मी कारभार हाती घेतला. शाळेतून येताच अम्मीपाशी बसायचं, उशा लावायच्या, पाय चेपायचा. "आराम कर, उठू नकोस, हाड जुळू दे." भेटायला येणारे सगळे हेच सांगत होते, त्यामुळे मला बळच येत होतं. पहिल्याच आठवड्यात भाभी म्हणाल्या, "दवाखान्यातल्या मुलीने रोज तीनदा उठवायला सांगितलंय." मी त्यांना तोडून बोलले. "तुमची अम्मी असती तर उठवलं असतं का अशा हालतीत?" भाभी गप्प झाल्या. भांडं द्यायचं, अंग पुसायचं, चादर बदलायची, ही सगळी कामं त्याच करत होत्या. मी येऊन हुकूम तेवढे सोडत होते.

दुसरी चूक गोळ्यांची. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिवसातून तीन वेळा, ठरल्या वेळी द्यायला लिहून दिलं होतं. मी म्हटलं, इतक्या गोळ्या मूत्रपिंडाला वाईट. फार दुखलं तरच देऊ. म्हणजे अम्मी कळवळेपर्यंत थांबायचं, मग गोळी, मग ती लागू पडेपर्यंत तासभर तळमळ. अशा अवस्थेत कोण उठेल?

तीन आठवड्यांत अम्मीचा चेहरा बदलला. रात्री झोप नाही, दिवसा गुंगी. एकदा तिने मला माझ्या मरहूम फुफीच्या नावाने हाक मारली. खोकला धरला. कुशीवर वळवताना भाभींना माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. मी अम्मीच्या मांड्यांकडे पाहिलं तर त्या दोरीसारख्या दिसायला लागल्या होत्या, मोडलेलीही आणि चांगलीही.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, रॉड उत्तम बसलाय. किती चालतात? मी अभिमानाने सांगितलं, "पूर्ण विश्रांती देतोय." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, रॉड घातला तो त्यांना लवकर चालता यावं म्हणूनच. झोपवूनच ठेवायचं होतं तर मी इतकी खटपट कशाला केली असती?"

मी वर्गात अनेक मुलांना ओशाळलेलं पाहिलं आहे. त्या दिवशी तशी मी बसले होते.

अंथरूण काय करतं

नंतर मी बरंच वाचलं. २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साठी ओलांडलेल्या काही धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. त्यांना कुठला आजार नव्हता, काही मोडलेलं नव्हतं. दहा दिवसांत त्यांच्या पायांचा जवळजवळ एक किलो स्नायू गेला. धडधाकट माणसाचं हे, मग ऑपरेशन झालेल्या, नीट न जेवणाऱ्या बाईचं तीन आठवड्यांत काय झालं असेल? ब्रिटनमध्ये नाइस नावाची सरकारी संस्था उपचारांचे नियम ठरवून देते. खुबा मोडल्याविषयीच्या तिच्या २०११ च्या मार्गदर्शनात, वैद्यकीय अडचण नसेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला उठवावं आणि पुढे रोज निदान एकदा चालवावं, असं सांगितलं आहे. ती फिजिओची मुलगी तिचं काम चोख करत होती.

पडून राहिल्याने फक्त पाय जात नाहीत. छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो. पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. पाठीला जखमा होतात. पोट साफ होत नाही. डोकं भ्रमतं. खुबा मोडल्यानंतर वर्षभरात जी वृद्ध माणसं दगावतात, त्यांत मोडक्या हाडापेक्षा अशा गोष्टींचा आणि आधीच्या आजारांचा वाटा मोठा असतो.

दुखणं आणि भीती

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. घरी येणारी एक फिजिओथेरपिस्ट मिळाली, आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस आमचे. मी शाळेतली एक दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले: तारीख, गोळीची वेळ, चालण्याआधी दुखणं किती, चालल्यावर किती, पावलं किती.

दुखणं मोजायला डॉक्टर शून्य ते दहा आकडा विचारतात. अम्मीला ते जमेना. "दहापैकी किती?" विचारलं की म्हणायची, "लई." भाभींनी युक्ती काढली. "अम्मी, सोळा आण्यांतले किती आणे?" अम्मीचं बालपण आण्यांत गेलेलं. तिने लगेच सांगितलं, "बारा आणे." तेव्हापासून आमच्या वहीत दुखणं आण्यांत लिहिलं गेलं.

गोळी ठरल्या वेळी सुरू केली आणि त्यातली एक चालण्याच्या पाऊण तास आधी येईल अशी वेळ डॉक्टरांना विचारून बसवली. चारच दिवसांत बारा आण्यांचे आठ झाले. गोळ्या टाळून मी अम्मीचं मूत्रपिंड वाचवत नव्हते, तिचं चालणं अडवत होते. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत बहुतेक वयस्कर माणसांना चालतं. यकृताचा आजार असेल किंवा वजन फार कमी असेल तर मात्रा डॉक्टर बदलतात. पोटाला, मूत्रपिंडाला, रक्तदाबाला त्रास देण्याची भीती असते ती मेडिकलमधून मनाने आणलेल्या सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांची. त्या विचारल्याशिवाय देऊ नका. तीव्र गोळ्या दिल्या असतील तर गुंगी आणि बद्धकोष्ठ होतं, तेही डॉक्टरांना सांगा.

कोणतं दुखणं चालेल आणि कोणतं नाही, हे आम्हाला फिजिओने शिकवलं. चालताना थोडं वाढलं आणि तास-दोन तासांत पूर्वीइतकं झालं, तर ठीक. दुसऱ्या सकाळीही वाढलेलंच राहिलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं. आज थोडं कमी चालायचं, बंद करायचं नाही. मांडीच्या बाजूला दुखणं, गुडघ्यात दुखणं, संध्याकाळी पाऊल सुजणं, मांडीवरची काळीनिळी खूण खाली उतरत जाणं, हे पुष्कळांना होतं आणि हळूहळू ओसरतं. अम्मी तर खुब्यापेक्षा गुडघाच जास्त धरायची. खुब्याची कळ गुडघ्यात जाणवू शकते.

तरीही एक कोडं राहिलं. एका सकाळी अम्मी म्हणाली, "आज चार आणे." मला आनंद झाला. वॉकर पुढे केला तर म्हणते, "मेरेकू नक्को उठाओ बेटी." मी म्हटलं, "अम्मी, चार आण्यांत काय अडतंय?" बराच वेळ ती पलंगाच्या पायाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "गिरी तो?"

पडले तर. एवढंच. महिनाभर आम्ही सगळे तिला दुखतंय का, किती दुखतंय, हेच विचारत होतो. ती घाबरलीय का, हे एकानेही विचारलं नव्हतं. मोरीतल्या त्या पहाटेपासून ती रोज मनात पडत होती.

भीतीवर गोळी नाही. पण तिच्यासाठी करण्यासारखं बरंच असतं. आम्ही पलंगापासून दारापर्यंतची चटई उचलली. वायरी भिंतीशी बांधल्या. घसरणाऱ्या सपाता काढून मागे पट्टा असलेल्या रबरी तळाच्या चपला आणल्या. साडीचा काठ घोट्याच्या वर राहील अशी नेसवली. आधार देणाऱ्याने कुठे उभं राहायचं तेही ठरवलं: दुखऱ्या पायाच्या बाजूला, किंचित मागे, एक हात कमरेमागे. दंडाला धरून ओढायचं नाही, त्याने तोलच जातो. आणि अम्मीला सांगितलं, थांबावंसं वाटलं की थांब, खुर्ची मागेच आहे. त्या दिवशी पलंग ते दार ११ पावलं झाली. वहीत भाभींच्या अक्षरात तो आकडा आहे. त्याच्यापुढे त्यांनी छोटी चांदणी काढली आहे.

चालण्याची उजळणी

ज्यांच्या घरी आज वॉकर आहे त्यांच्यासाठी आम्हाला शिकवलेलं इथे देते. पायावर किती भार द्यायचा हे मात्र तुमच्या सर्जनना विचारूनच.

वॉकरची उंची: माणूस सरळ उभा असताना हात खाली सोडले की मूठ मनगटाच्या रेषेत यावी. धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं. आमचा वॉकर उंच होता, म्हणून अम्मीचे खांदे भरून यायचे. खालची बटणं दाबून तो कमी केला.

क्रम: आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. वॉकर फार पुढे टाकायचा नाही.

पायऱ्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आमच्या उंबऱ्यावरही हाच नियम.

काठी: पुढे काठी आली की ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. अम्मीचा डावा पाय, म्हणून काठी उजव्या हातात. सगळ्यांना हे उलटं वाटतं. पण पाऊल टाकताना खुब्याच्या स्नायूंवर येणारा ताण विरुद्ध बाजूच्या काठीने कमी होतो.

व्यायाम: पडल्या-पडल्या घोटे वर-खाली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच मोजेपर्यंत दाबणं. टाच सरकवत गुडघा वाकवणं. खुर्चीत बसून पाय समोर सरळ करणं. मग ओटा धरून उभं राहून पाय बाजूला नेणं, आणि खुर्चीतून उठणं-बसणं. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. एकदम पाऊण तास करण्यापेक्षा थोडं-थोडं बरं, हे शाळेतल्या पाढ्यांसारखंच आहे.

घर: भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं शक्यच नव्हतं, म्हणून कमोडची खुर्ची घेतली. पलंग ठेंगणा होता, त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे दिले. ज्यांचा चेंडू बदलला आहे त्यांना हे जास्तच जपावं लागतं. सांधा निसटू नये म्हणून ठेंगण्या आसनावर बसणं, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं, फार पुढे वाकणं डॉक्टर काही काळ मना करतात. किती काळ, ते त्यांनाच विचारा. मोरीत भिंतीला आधाराची दांडी बसवली. वुजू आता खुर्चीवर बसून, आणि पाय कोरडे पुसल्याशिवाय उठायचं नाही. रात्री मोरीच्या वाटेवर छोटा दिवा चालू असतो.

खाणं: ऑपरेशननंतर आमच्याकडे पायाच्या शोरब्याचे इतके डबे आले की शेजारीपाजारी वाटावे लागले. शोरबा चांगलाच, भूक लागते. पण नुसत्या शोरब्यावर स्नायू भरत नाहीत. रोज अंडं, डाळ, दही, दूध, मासे किंवा मटणाचे मऊ तुकडे पोटात जायला हवेत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील.

ताबडतोब डॉक्टर कधी

एका पोटरीला सूज आणि कळ वाढत असेल. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं. ताप आला, जखम लाल झाली किंवा वाहू लागली. कालपर्यंत भार घेणारा पाय आज अचानक भार घेत नसेल, आखूड किंवा वळलेला दिसत असेल, जांघेत नवीन तीव्र कळ आली. माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला. यांपैकी काहीही झालं तर उद्यावर ढकलू नका. यातलं शेवटचं मी "वयामुळे असेल" म्हणून सोडून दिलं होतं.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला, याचा अर्थ हाडं आधीच ठिसूळ झालेली असतात. डॉक्टर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मासिक पाळी थांबल्यानंतर बायकांची हाडं वेगाने झिजतात. एकदा मोडलं की दुसऱ्यांदा मोडण्याचा धोका वाढतो. म्हणून रॉड घातला की काम संपलं असं नाही. ड जीवनसत्त्वाची तपासणी, कॅल्शियम आणि हाडं बळकट करणारं औषध यांविषयी आपण होऊन विचारा. अम्मीची तपासणी केली तर ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. डोळ्यांतला मोतीबिंदूही त्याच निमित्ताने कळला. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येते का, तेही विचारून घ्या.

आता

वहीतले आकडे सरळ वर गेले असं नाही. ११, १४, ९, २०, मग खोकल्याचे चार दिवस शून्य. तीन महिन्यांनी काठी आली. डॉक्टर म्हणाले होते, पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा जास्त दिसते, वर्षभर थोडी-थोडी होत राहते, आणि सगळ्यांचंच चालणं पूर्वीसारखं होत नाही. ते खरं आहे. अम्मी आज काठीने गल्लीच्या टोकापर्यंत जाते, खालांच्या ओट्यावर बसून येते. बाजारात जात नाही. डाव्या पायात थोडी लंगड राहिली आहे. पाऊस पडला की चार आणे दुखतं.

तिला सगळ्यात जास्त काय सललं असेल तर सजदा. जमिनीवर बसता येत नाही, म्हणून ती खुर्चीवर नमाज पढते, रुकूसाठी थोडी आणि सजद्यासाठी त्याहून जास्त वाकून. आजारी माणसाला उभं राहून जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर पडून, ही सवलत दीनमध्येच आहे आणि ती तिला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. तरी पहिल्या दिवशी सलाम फेरल्यावर ती रडली. मी समजूत घालायला गेले नाही. तिच्याजवळ बसून राहिले.

आता रमजान तोंडावर आला आहे. रोज्यांचं डॉक्टरांशी बोलणं झालंय. औषधं आणि खाणं वेळेवर हवं, म्हणून या वर्षी रोजे नाहीत. अम्मीने ते मान्य केलं, मात्र एक अट घातली: तरावीहच्या वेळी तिची खुर्ची दालनात, सगळ्या बायकांच्या ओळीत ठेवायची. कोपऱ्यात नाही.

आणि भाभी. मी त्यांची माफी मागितली. उशिरा मागितली, चौथ्या महिन्यात, आणि तीही स्वयंपाकघरात, त्या भाकऱ्या थापत असताना. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "तुम्हाला तुमच्या अम्मीची काळजी होती. पण मलाही होती, हे त्या दिवशी तुमच्या ध्यानात आलं नाही." मी मान हलवली. आजारपणात आपण मुली बाहेरून येऊन हुकूम सोडतो, आणि रात्री दोन वाजता उठून भांडं देणारी दुसरीच कुणी असते. तिला काय दिसतंय ते विचारत चला. माझ्या विचारण्याने अम्मीचे तीन आठवडे वाचले असते.

वही अजून चालू आहे. आज सकाळी शाळेत निघण्याआधी डोकावले तर अम्मी ओटा धरून पाय बाजूला नेत होती आणि भाभी कणीक मळत मोजत होत्या, सात, आठ. मी दारातूनच विचारलं, "अम्मी, आज किती आणे?" म्हणाली, "दो आने. जा, तेरी घंटी हो जाएगी."

तुमच्या घरात अशी कुणी असेल तर कळवा. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. पुढच्या महिन्यात पुन्हा मुलांच्या परीक्षांकडे वळू. खुदा हाफिज.